पाण्याचा पेला आणि सापेक्ष वेग

शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, असा प्रघात आहे. पहाटेची घंटा, थंडीतली हौदावरची आंघोळ, रात्रीच्या अभ्यासिकेतला एकच ट्यूबलाइट आणि त्याखालची जागा मिळविण्यासाठीची धडपड हे सारे आमच्याही मनात ताजे आहे. परंतु या अंकासाठी आम्ही थोडा निराळा विषय घेतला आहे. शाळेच्या एका कपाटात मावणाऱ्या प्रयोगशाळेत आम्हांला जे भौतिकशास्त्र शिकविले गेले, ते पुढे आयुष्यात कोठे भेटले, याविषयी लिहावे असे ठरले. ते भेटले मुंबईच्या रस्त्यावर, जानेवारीतल्या एका रविवारी, पाण्याच्या टेबलामागे.

‘आम्ही’ म्हणजे कोण, हे आधी सांगितले पाहिजे. या शाळेतून वेगवेगळ्या वर्षी बाहेर पडलेले आणि आज मुंबई, ठाणे, कल्याण या भागांत स्थिरावलेले आम्ही काहीजण आहोत. कोणी रेल्वेत आहे, कोणी बँकेत, एकजण वीजतंत्री आहे, दोघे शिक्षक आहेत आणि एक ताई रुग्णालयात परिचारिका आहेत. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्या मार्गावर पाणी देण्यासाठी स्वयंसेवक लागतात, हे कळल्यावर आमच्यातले चौघे प्रथम गेले आणि पुढे तो नेमच झाला. अलीकडे आम्ही शाळेतील नववी-दहावीच्या काही विद्यार्थ्यांनाही बोलावून घेतो. शनिवारी चैत्यभूमीवर अभिवादन, रात्री दादरला एका सभागृहात मुक्काम आणि पहाटे तीन वाजता उठणे, असा कार्यक्रम असतो. वसतिगृहाच्या मुलांना पहाटे उठविण्यासाठी फार श्रम पडत नाहीत, एवढे मात्र अभिमानाने नमूद करतो.

आमचे टेबल पेडर रोडच्या चढाजवळ असते. मुंबई मॅरेथॉन धावलेल्या माणसाला या चढाचे नाव सांगावे लागत नाही. परतीच्या वाटेवर, पाय थकून गेलेले असताना, हा चढ समोर येतो. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. हा विचित्र आकडा १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि १९२१ साली तो अधिकृत झाला. मुलांना या आकड्याचे फार कुतूहल वाटते. ‘सरळ ४२ का नाही?’ असे ते विचारतात. माणसांनी ठरविलेल्या मापांना इतिहास असतो, निसर्गाच्या नियमांना तो नसतो. हा भेद समजावून सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला मिळालेले नाही.

पहिला धडा पेला हातात देण्याचा. टेबलावर लहान बाटल्या असतात आणि क्षारयुक्त पेयाचे कागदी पेलेही असतात. नवा स्वयंसेवक हात ताठ पुढे करून, पेला घट्ट धरून, जागच्या जागी उभा राहतो. धावणारा येतो, पेला ओढतो आणि पेय दोघांच्याही अंगावर सांडते. आम्ही मुलांना लगेच उपाय सांगत नाही. सांडलेले पाहू द्यावे, मग विचारावे, ही आपल्या विज्ञानाच्या सरांची रीत आम्ही पाळतो.

मग रस्त्याच्या कडेलाच हिशेब मांडला जातो. ताशी १२ किलोमीटर वेगाने धावणारा माणूस सेकंदाला सुमारे ३.३ मीटर पुढे जातो. आपल्या हातातला पेला स्थिर आहे. धावणाऱ्याच्या बोटांनी तो पकडल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात त्याला हा सारा वेग गाठायचा आहे. म्हणजे त्वरण झाले ३३ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरणाच्या तिपटीहून अधिक. पेल्यात दीडशे ग्रॅम पेय असेल, तर त्याला तेवढ्या वेळात पुढे नेण्यासाठी सुमारे ५ न्यूटन बल लागते. अर्धा किलो वजनाची पिशवी एकदम हाताला लटकवावी, तितके हे बल आहे. कागदाच्या पेल्याच्या भिंती ते सोसू शकत नाहीत, त्या आत दबतात. पेय मात्र जडत्वामुळे होते तेथेच राहू पाहते. पेला पुढे जातो आणि पेय मागे सांडते. नववीच्या पुस्तकातला गतीचा पहिला नियम डोळ्यांपुढे रस्त्यावर पसरलेला दिसतो.

उपाय मुले स्वतःच शोधतात. पेला दोन-तृतीयांश भरावा. तो तळाशी हलका धरावा, म्हणजे घेणाऱ्याला वरची कड मोकळी मिळते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धावणारा जवळ आला की त्याच्याच दिशेने आपणही दोन-चार पावले चालावे. आपण सेकंदाला दीड मीटर चाललो, तर दोघांमधला सापेक्ष वेग ३.३ वरून १.८ वर येतो आणि लागणारे बल जवळपास निम्मे होते. पेल्याला आणि पेयाला तेवढा धक्का बसत नाही. ज्याला पाणी द्यायचे, त्याच्या सोबतीने थोडे चालावे लागते.

एका वर्षी हा हिशेब चालू असताना आमच्यातल्या वयाने मोठ्या सहकाऱ्याने आपल्या आजीची एक आठवण सांगितली. आजीच्या लहानपणी, गावात कोणी पाणी दिलेच, तर ते वरून ओतत असत. खाली बसायचे, ओंजळ तोंडाशी धरायची आणि वरच्या हाताने तांब्या कलता करायचा, म्हणजे भांड्याचा स्पर्श नको आणि हाताचाही नको. आजी म्हणत असे, की तहान भागण्याआधी पदर भिजायचा. मुले क्षणभर गप्प झाली. मग दहावीतल्या एका मुलाने वहीत आकडेमोड सुरू केली. तांब्या ओंजळीच्या तीन फूट वर असेल, म्हणजे सुमारे ०.९ मीटर. तेवढ्या उंचीवरून पडणारे पाणी ओंजळीत पोहोचते, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ४.२ मीटर असतो. ताशी १५ किलोमीटर! आपल्या टेबलापुढून जाणाऱ्या बहुतेक धावणाऱ्यांपेक्षा तो अधिक आहे. खाली येताना धार वेग घेते आणि वेग घेताना बारीक होत जाते, कारण तेवढ्याच वेळात तेवढेच पाणी कमी जाडीतून जावे लागते. म्हणून ओंजळीवर पाणी आपटते, उडते आणि थोडेच हाती राहते. पदर भिजण्याचे कारण आजीच्या ओंजळीत नव्हते, ते देणाऱ्याने राखलेल्या उंचीत होते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. परंतु त्या मुलाची वही पाहताना आम्हांला एक गोष्ट नव्याने जाणवली. भौतिकशास्त्रात अंतर ही केवळ एक राशी आहे. ती कोणी, कोणासाठी आणि का ठेवली, हे मात्र माणसांचे काम आहे. पेडर रोडवर पेला घेणारा माणूस देणाऱ्याचे नाव विचारीत नाही. घाईत त्याची ओली बोटे आपल्या बोटांना लागतात आणि तो पुढे जातो. आमच्या मुलांना त्यात काहीच विशेष वाटत नाही. त्यांना ते विशेष वाटू नये, यासाठीच तर सारा खटाटोप झाला.

दुसरा धडा गर्दीचा. एका वर्षी आमच्यातले दोघे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ प्रारंभरेषेपाशी नेमले गेले होते. त्यांनी सांगितलेले वर्णन मुलांना फार आवडते. प्रारंभाची खूण होते, पुढचे धावू लागतात आणि मागचे तसेच उभे असतात. बऱ्याच वेळाने हालचाल त्यांच्यापर्यंत पोहोचते. आपल्या शाळेत प्रार्थना संपल्यावर रांगा सुटतात, तेव्हा शेवटचा विद्यार्थी पाय कधी उचलतो, ते आठवावे. माणसे पुढे जातात, पण ‘चला’ ही वार्ता मागे मागे सरकत जाते. ही एक लाट आहे. पाण्यावरच्या लाटेत पाणी फारसे जागा सोडत नाही, लाटच पुढे जाते. येथे माणसे एका दिशेला आणि लाट विरुद्ध दिशेला, एवढाच फरक.

शिकागो येथील मॅरेथॉनच्या प्रारंभी जमलेल्या गर्दीचे चित्रीकरण करून निकोला बॅं आणि देनी बार्तोलो या दोन संशोधकांनी या लाटेचा वेग मोजला. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ते काम प्रसिद्ध झाले. लाट सेकंदाला सुमारे १.२ मीटर वेगाने मागे सरकते, असे त्यांना आढळले. म्हणजे गर्दीची रांग ६०० मीटर लांब असेल, तर शेवटच्या माणसाला पहिले पाऊल उचलायला ५०० सेकंद, आठ मिनिटांहून अधिक वाट पाहावी लागेल. आणि पाऊल उचलल्यावरही प्रारंभरेषा ६०० मीटर दूरच असेल. त्याने काहीही चूक केलेली नाही. तो आळशी नाही, दुबळा नाही. त्याला उभे राहायला जागा मागे मिळाली, एवढेच.

मग त्याचा वेळ कोठून मोजायचा? या प्रश्नाचे उत्तर धावणाऱ्याच्या छातीवरच्या क्रमांकामागे चिकटविलेल्या एका लहानशा चिपमध्ये आहे. आमच्या वीजतंत्री मित्राने ती मुलांना उलगडून दाखविली, तेव्हा सर्वांत आधी प्रश्न आला, ‘यात सेल कुठंय?’ अशा चिपमध्ये सहसा सेल नसतोच. रस्त्यावर अंथरलेल्या चटईतील किंवा बाजूला उभारलेल्या अँटेनामधून विद्युतचुंबकीय लहरी निघत असतात. चिप त्यांच्या टप्प्यात आली, की त्या लहरींतूनच तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक उत्तरादाखल पाठविते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविले. लोहाराच्या घरी जन्मलेला आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकलेला हा माणूस आपल्या शाळेच्या भिंतीवरही तसबिरीत असावा, असे आम्हांला नेहमी वाटते.

चिपमुळे प्रत्येकाचे घड्याळ तो स्वतः प्रारंभरेषा ओलांडतो तेव्हापासून चालू होते. स्पर्धेचा अधिकृत निकाल आणि पहिल्या क्रमांकांची बक्षिसे मात्र साधारणपणे प्रारंभाच्या ठोक्यापासूनच्या वेळेवर ठरतात. एकाच धावेच्या दोन नोंदी, आणि दोन्ही खऱ्या. आमच्या मुलांमध्ये बहुतेकजण घरातले पहिलेच शिकणारे आहेत. त्यांच्या आईवडिलांपर्यंत ‘चला’ ही वार्ता पोहोचायला काही पिढ्या लागल्या. कोणी त्यांना ‘तुम्ही उशिरा आलात’ असे म्हणाले, तर त्यांनी कोणते घड्याळ पाहिले, हे विचारण्याचा अधिकार या मुलांना आहे. हे वाक्य आम्ही त्यांना भाषणात सांगत नाही. लाटेचा वेग त्यांनी स्वतः गुणून काढला, की ते त्यांच्या ध्यानात येते.

चढाचा हिशेब करताना मुले नेहमी चकित होतात. ६० किलो वजनाच्या माणसाने १० मीटर उंची गाठली, तर त्याला गुरुत्वाविरुद्ध ५,८८० ज्यूल कार्य करावे लागते. स्नायू आपल्या ऊर्जेचा साधारण चौथा भागच कार्यात उतरवितात, म्हणून शरीराचा खरा खर्च याच्या चौपट, म्हणजे पाच-सहा किलोकॅलरी. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावायला त्याच माणसाला सुमारे ६० किलोकॅलरी लागतात. म्हणजे १० मीटरचा चढ हा सपाटीवरच्या शंभरएक मीटर धावण्याइतकाच! मग येथे येऊन इतकी माणसे का थांबतात, का चालू लागतात? कारण हा चढ पस्तीसएक किलोमीटरनंतर येतो. तोवर स्नायूंत साठविलेली साखर संपत आलेली असते. सूत्र खोटे नसते. फक्त उंची चढणारा किती अंतर तोडून आला आहे, हे त्या सूत्रात लिहिलेले नसते. परीक्षेचे गुण पाहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, असे आमच्यातल्या शिक्षकांचे मत पडले.

अंतराविषयीही रोज नवा वाद होतो. थकलेला एखादा धावपटू मनगटावरचे घड्याळ दाखवून सांगतो, की मार्ग जास्त लांब आखला आहे. अशा मॅरेथॉनचा मार्ग सायकलने मोजतात. चाकाला एक गणक जोडलेला असतो. आधी काटेकोर मोजलेल्या सरळ अंतरावर सायकल चालवून चाकाचे फेरे पडताळून घेतात आणि मोजणीनंतर पुन्हा पडताळतात, कारण ऊन वाढले की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर किंचित बदलतो. वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर राखून, शक्य तितक्या जवळच्या वाटेने मोजणी होते. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग, म्हणजे सुमारे ४२ मीटर, अधिक धरतात. गर्दीतून वाट काढणारा माणूस त्या सर्वांत जवळच्या रेषेवरून कसा धावेल? तो वळणे बाहेरून घेतो, टेबलाकडे येतो, परत जातो. शिवाय उंच इमारतींवरून परावर्तित होणारे उपग्रहांचे संकेत घड्याळाला चकवितात. मुले आता हे उत्तर इतक्या आदबीने देतात, की वाद घालायला आलेला माणूस हसत पुढे जातो.

यापुढचे जे लिहायचे आहे, त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

धावणारे शरीर ही एक भट्टीच असते. ६० किलो वजनाचा माणूस पूर्ण मॅरेथॉनमध्ये सुमारे २,५०० किलोकॅलरी खर्च करतो आणि त्यातला तीन-चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ज्यूलमध्ये सांगायचे तर सुमारे ८० लाख. शरीराच्या विशिष्ट उष्माधारकतेचा हिशेब केला, तर ६० किलोच्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढायला सुमारे २ लाख १० हजार ज्यूल लागतात. ही सारी उष्णता आतच कोंडली, तर तापमान ३८ अंशांनी वाढेल, म्हणजे ३७ वरून ७५ वर जाईल! तसे होत नाही, कारण घाम येतो. त्वचेवरचा एक ग्रॅम घाम वाफ होऊन उडून जाताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’ म्हणून जो शब्द आहे, तो हाच. ८० लाख ज्यूल घालविण्यासाठी सव्वातीन लिटरांच्या आसपास घाम उडून गेला पाहिजे.

घाम येणे पुरेसे नाही, तो उडून गेला पाहिजे. गळून रस्त्यावर पडलेला घाम शरीराला थंड करीत नाही. आपल्या वसतिगृहातला माठ हेच सांगतो. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात त्याचे पाणी गार होते आणि पावसाळ्यात तोच माठ तसाच पाझरूनही पाणी कोमट राहते. हवेत आधीच बाष्प भरलेले असले, की नव्या बाष्पाला जागा कमी पडते. मुंबईची समुद्रकाठची हवा धावणाऱ्यांना जानेवारीतही कठीण जाते, ती याच कारणाने.

एका वर्षी सकाळी नऊच्या सुमारास, चढाच्या ऐन मध्यावर, चाळिशीतले एक गृहस्थ वेडीवाकडी पावले टाकीत आले आणि टेबलाजवळ खाली बसले. अंगावरचे कपडे घामाने निथळत होते. परिचारिका ताईंनी त्यांना नाव विचारले, तर त्यांनी भलतेच काही उत्तर दिले. ताईंनी तत्काळ वैद्यकीय पथकाकडे माणूस पिटाळला आणि त्यांना इमारतीच्या सावलीत निजविले. आमच्यातले मोठे लोक बाटल्या उघडीत होते, तोवर नववीतल्या एका मुलीने पाण्याच्या रिकाम्या खोक्याचे झाकण फाडून घेतले होते. ‘अंगावर पाणी टाका, दादा, मी वारा घालते,’ असे म्हणून ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी पुठ्ठा हलवू लागली. तिचा हात एकदाही थांबला नाही. काही मिनिटांत डॉक्टर बर्फ घेऊन आले. त्यांनी मान, काखा, जांघा येथे बर्फ ठेवला आणि तिच्याकडे पाहून म्हणाले, “थांबू नकोस, असाच वारा घाल.” रुग्णवाहिका आली, तेव्हा ते गृहस्थ डोळे उघडून बोलू लागले होते आणि या वेळी त्यांनी आपले नाव बरोबर सांगितले.

ती कोठे शिकली, हे आम्ही नंतर तिला विचारले. तिचे आईवडील मराठवाड्यातून दरवर्षी वीटभट्टीवर कामाला जातात. म्हणूनच ती वसतिगृहात आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिचे वडील भट्टीवर कोसळले. लोकांनी त्यांना उचलून पत्र्याच्या खोलीत नेले. तापलेला पत्रा वरून उष्णता फेकीत होता आणि आत वारा नव्हता. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बराच वेळ गेला. ते वाचले, पण तेव्हापासून उन्हात उभे राहिले की त्यांना चक्कर येते. आता ते रात्रीची राखण करतात. त्या दिवशी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी तिला सांगितले होते, की अंग ओले करून वारा घालायला हवा होता. ते तिने मनात कोरून ठेवले होते. अप्रकट उष्म्याचा धडा पुढल्या वर्षी दहावीत यायचा होता.

मग ती म्हणाली, “इथं धावायला आलेल्यांसाठी थोड्या थोड्या अंतरावर टेबल आहे, डॉक्टर आहेत, बर्फ आहे. चांगलंय. पण माझे बाबा तर दिवसभर विटा वाहतात. तिथं एकच नळ होता, तोबी लांब.”

यावर आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. उत्तर देण्यासारखा तो प्रश्नही नव्हता. भट्टीवरच्या माणसाचे शरीर आणि पेडर रोडवरच्या माणसाचे शरीर यांना उष्णतेचे नियम एकच आहेत. ६० किलो, ३७ अंश, ग्रॅमला २,४०० ज्यूल. निसर्गाने दोघांत भेद केलेला नाही. भेद आहे तो रस्त्याच्या कडेला टेबल कोणासाठी मांडले जाते, यात.

परतीच्या प्रवासात, रात्रीच्या गाडीत, मुलांनी आपापसांत जे ठरविले, ते आता शाळेत सुरू झाले आहे. प्रयोगशाळेतल्या कपाटातून त्यांनी दोन साध्या तापमापी घेतल्या. एकीच्या फुग्याला पातळ सुती कापड गुंडाळून त्याचे टोक पाण्यात सोडले. दुसरी कोरडी ठेवली. कापडातले पाणी जितके झपाट्याने उडेल, तितका ओल्या तापमापीचा पारा खाली राहतो. दोन्ही पारे जवळ आले, तर घाम उडायला हवेत जागा उरलेली नाही, असे समजावे. ओल्या तापमापीचा पारा ३५ अंशांपाशी पोहोचला, तर सावलीत स्वस्थ बसलेल्या धडधाकट माणसालाही घामाच्या आधारे शरीर थंड राखता येत नाही आणि कष्ट करणाऱ्याला तर त्याच्या बरेच आधी धोका असतो. मुले रोज दुपारी दोन वाजता दोन्ही आकडे वहीत लिहितात. फेब्रुवारीपासूनची पाने भरली आहेत. त्या मुलीचे अक्षर सुवाच्य असल्याने वही तिच्याकडे आहे.

या उन्हाळ्यात शाळेच्या फाट्यापासून वीटभट्ट्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बाभळीच्या सावलीत, दोन रांजण, एक सतरंजी, मीठ-साखरेचे डबे आणि पुठ्ठ्याचे चार पंखे ठेवायचे ठरले आहे. भट्टीमालकांशी बोलणे झाले आहे. दोघांनी दुपारची सुटी वाढवायचे मान्य केले, तिसऱ्यांशी बोलणी चालू आहेत. रांजण रोज भरण्याचे काम सुटीत वसतिगृहात राहणारी मुले करतील. परंतु मे महिन्यात त्यांची संख्या कमी असते. ही स्मरणिका हाती पडेल, तेव्हा उन्हाळा तोंडावर असेल. गावाकडे येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एकेक आठवडा वाटून घ्यावा, अशी आमची विनंती आहे. कार्यालयात कोरा तक्ता लावलेला आहे. त्यावर आपले नाव आणि तारखा लिहाव्यात. येताना शक्य झाल्यास एक जुनी सुती साडी आणावी. ओले कापड लागते.

रांजणावर ओगराळे ठेवलेले नाही. प्रत्येकाने पेला बुडवून, हातात घेऊन प्यावे, असे मुलांनी पाटीवर लिहून ठेवले आहे.